बॉलनोज की बॅरल कटर?

मिलिंगमध्ये वक्र पृष्ठभागावर गुळगुळीत फिनिश मिळाली नाही की पहिला हात जातो तो स्टेपओव्हरकडे, म्हणजे टूलच्या शेजारच्या दोन पासमधल्या (फेऱ्यांमधल्या) अंतराकडे. १० मिमी व्यासाचा बॉलनोज (गोल टोकाचा कटर) आणि ०.५ मिमी स्टेपओव्हर घेतला तर सपाटसर भागात दोन पासमध्ये साधारण ६ मायक्रॉनची धार उरते. स्टेपओव्हर निम्मा केला की ती दीड मायक्रॉनवर येते. पास मात्र दुप्पट, वेळही दुप्पट. आणि एवढं करूनही जॉबचा (कापायच्या तुकड्याचा) तोच सपाटसर भाग मळकट दिसतो, कारण तिथे टूलचं टोक टेकतं आणि टोकाच्या मध्यावर कटिंग स्पीड शून्य असतो. धातू कापला न जाता घासला जातो. स्पिंडल कितीही पळवा, शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच! टूल किंवा जॉब १५ अंशांनी कलवला तर चमक लगेच बदलते.

बॅरल कटर (पिंपासारख्या फुगीर बाजूचा) तेवढ्याच जाडीचा, पण त्याच्या बाजूचा रेडियस ८५ मिमी असू शकतो. मग त्याच ६ मायक्रॉनसाठी २ मिमी स्टेपओव्हर पुरतो, म्हणजे पास चौथाई. शिवाय टोक कापतच नाही. मात्र बहुतेक कामांना ५ अक्षांचं मशीन आणि बॅरल ओळखणारं कॅम (टूलचा मार्ग आखणारं सॉफ्टवेअर) लागतं. संपर्क लांब असल्याने पकड ढिली असेल तर चॅटर (टूलची थरथर) ठरलेलाच. खोलगट, लहान रेडियसच्या कोपऱ्यात तर तो शिरतच नाही.

मी लांब, उघड्या भिंतींना बॅरल लावेन. कोपऱ्यांना बॉलनोज, तोही कलवून. ३ अक्षांचंच मशीन असेल तर आधी टूलचा रनआउट (फिरताना मध्यापासून डगमगणं) तपासा. स्टेपओव्हरला उगाच दोष दिला जातो.