पॅरोकियल की इन्स्युलर, कुठला शब्द धरावा?

निबंधात नाहीतर इंटरव्ह्यूत 'नॅरो माइंडेड'च्या वरचा शब्द हवा असेल तर माझ्या मते हे दोनच कामाचे. बिगटेड नको, त्यात दुसऱ्यांबद्दलचा द्वेष येतो, घरातल्या कुणाला लावलात तर जेवण बंद. हाइडबाउंड म्हणजे मुळात उपासमारीनं हाडाला कातडं चिकटलेलं जनावर, ते नियमाला चिकटून बसलेल्या साहेबाला शोभतं.

इन्स्युलर दिसायला छान. लॅटिन इन्सुला म्हणजे बेट, त्यावरनंच इन्सुलिन (स्वादुपिंडात पेशींची छोटी छोटी बेटं असतात ना, तिथनं ते येतं) आणि इन्सुलेटर पण. आणि इथंच माझं घोडं अडलं. मी तेव्हा नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका पॅनल बनवणाऱ्या कंपनीत होतो, मेलमध्ये लिहिलं की आपली टीम फार इन्स्युलर झालीये, बाहेरच्या व्हेंडरचं कुणी ऐकूनच घेत नाही. दहा मिनिटांत परचेसवाल्याचा रिप्लाय, "कुठला इन्सुलेटर? पार्ट नंबर पाठवा." पुढचे सहा महिने चहाच्या टपरीवर माझं नावच इन्सुलेटर. आता मुळात चूक त्याची, शब्दाची नाही, हे मान्य, पण सातपूर-अंबडच्या पट्ट्यात हा शब्द तोंडातनं काढायचा तर प्रत्येक वेळी बेटाची गोष्ट सांगत बसावी लागते, आणि समजावून सांगायला लागला की शब्दातली मजा गेली.

पॅरोकियलला पण खोड आहेच. स्पेलिंग बघून सगळे 'पॅरोचिअल' म्हणतात, मीही म्हणायचो. त्यातला सीएच स्कूल, केमिस्ट्रीसारखा क म्हणायचा आणि जोर रो वर. पण एकदा जीभ बसली की बसली. मूळ पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती, त्यावरनं आपल्या वस्तीपलीकडं न बघणारा तो पॅरोकियल. शरणपूर रोडवरनं रोज जाणाऱ्याला हे लगेच कळेल, शरणपूर ही 19व्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेलीच वस्ती. म्हणून चर्चच्या कामकाजात हा शब्द आला तर तिथं टोमणा नसतो.

आता आमचे मामा घ्या. पंचवटीत राहतात, कॉलेज रोडला जायचं म्हटलं तरी "गंगेपलीकडं कशाला?" (गंगा म्हणजे आमची गोदावरी). पेपर आला की पहिल्या पानावर युद्ध असो नाहीतर निवडणूक, थेट आतलं पान उघडून आपल्या भागात पाणी कुठल्या दिवशी येणार नाही तेवढं वाचतात, चष्मा काढतात आणि घडी घालून पेपर उशीखाली. पण दारात कुणीही येऊ दे, चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, म्हणून त्यांना इन्स्युलर म्हणवत नाही, त्यात दार लावून घेतल्यासारखं वाटतं. पॅरोकियल मात्र मापात बसतं. मराठीत कूपमंडूक म्हणता येईल, पण ते जरा जास्तच लागतं, मामांना बेडूक कोण म्हणणार.

एवढंच बघा, आपल्याकडच्या इंग्रजी पेपरात पॅरोकियल बहुतेक प्रांत-भाषेच्या राजकारणाला चिकटलेला असतो, तर स्पर्धा परीक्षेच्या निबंधात तो विषय नसेल तर पुढं आउटलुक किंवा कन्सर्न्स जोडा, म्हणजे गैरसमज होत नाही. एखाद्या बंदिस्त ग्रुपबद्दलच लिहायचं असेल तर इन्स्युलर वापरा की, माझी हरकत नाही, फक्त मेल अंबडला पाठवू नका.