टाइप १ की पी: ई. कोलायची कुठली पकड निवडावी?

ई. कोलाय हा मूत्रमार्गाचा संसर्ग करणारा जिवाणू. अंगावरच्या केसासारख्या तंतूंनी तो पेशींना चिकटतो; टाइप १ आणि पी हे त्यातले दोन प्रकार. यातला कुठला घ्यावा, हे रत्नागिरीत एमएस्सी करणाऱ्या भाचीचं सेमिनारसाठी ठरेना. हा संसर्ग टाळण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रॅनबेरी गोळ्यांच्या जाहिराती बाजूला ठेवून बघू.

टाइप १ तंतूच्या टोकाचं फिमएच प्रथिन मूत्राशयाच्या पेशींवरच्या मॅनोज साखरेला धरतं. गंमत अशी, की प्रवाहाचा ताण वाढला की पकड घट्ट होते. कातळावरची कुर्ली लाट आली की करते तसंच. पी तंतूचं पॅपजी मूत्रपिंडातल्या, दोन गॅलॅक्टोज साखरांची जोडी असलेल्या ग्लायकोलिपिडला (साखर जोडलेल्या स्निग्ध पदार्थाला) धरतं.

खर्च? टाइप १ ला बेकरीचं यीस्ट पुरतं: काचपट्टीवर जिवाणू आणि यीस्ट मिसळले की गुठळ्या होतात, मॅनोज घातलं की होत नाहीत. पीला माणसाच्या तांबड्या पेशी हव्यात, म्हणजे परवानग्या आल्याच. मॅनोजला तो दादही देत नाही.

प्रात्यक्षिक दाखवायचं तर टाइप १. मूत्रपिंडाच्या संसर्गावर बोलायचं तर पी.