ईसीएफआर: 'फार'मधले बारीक बदल पकडायला कितपत कामाचं?

अमेरिकी सरकारी खरेदीचे नियम, म्हणजे 'फार', अमेरिकी केंद्रीय नियमांच्या संहितेच्या (सीएफआर) शीर्षक 48 मध्ये येतात. त्यातल्या 'टेक्निकल अमेंडमेंट्स' दिसायला किरकोळ: कार्यालयाचं बदललेलं नाव, तुटलेली लिंक, चुकलेला कलम-संदर्भ. पण घोळ इथेच होतो.

ईसीएफआर, म्हणजे या संहितेची ऑनलाइन आवृत्ती, ही मोफत सरकारी साइट रोज अद्ययावत होते. हवा तो भाग उघडून 'कम्पेअर डेट्स'मध्ये दोन तारखा टाका. काढलेले आणि घातलेले शब्द वेगळे दिसतात. सुविधा झकास आहे, मात्र 2017 च्या मागे जाता येत नाही. ईमेल सूचना लावताना संपूर्ण शीर्षक निवडू नका, नाहीतर इनबॉक्स तुंबेल. भाग 52, म्हणजे करारात घालायच्या अटींचा भाग, पुरेसा. प्रत्येक अटीच्या नावापुढे महिना-वर्ष असतं आणि 52.212-5 (व्यावसायिक वस्तू-सेवांच्या खरेदीसाठीच्या अटींची यादी) मध्ये असलेली अट बदलली की त्या यादीतही ते बदलावं लागतं. जुन्या टेंडरवरून कॉपी-पेस्ट करणारे नेमके इथेच फसतात.

उणीव म्हणजे, बदल का झाला हे इथे कळत नाही. त्यासाठी फेडरल रजिस्टर या अमेरिकी राजपत्रातली सूचनाच वाचावी लागते. बदल कधीपासून लागू, हेही तिथेच तपासा. शिवाय एखाद्या खात्याने काढलेलं क्लास डेव्हिएशन, म्हणजे 'फार'पेक्षा वेगळं वागायची एका प्रकारच्या अनेक करारांसाठीची मुभा, ईसीएफआरच्या मजकुरात उतरत नाही. ते त्या खात्याच्या साइटवर किंवा ॲक्विझिशन डॉट गव्हवर शोधा.

शोधपेटी सुमारच. कलम क्रमांक माहीत असेल तर थेट तोच टाका.