स्टिकी टॉफी पुडिंग: ओव्हनमध्ये की वाफेवर?

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या शॅरो बे हॉटेलने गाजवलेलं हे पुडिंग, म्हणजे टॉफी सॉस मुरवलेला खजुराचा मऊ केक, घरी दोन तऱ्हांनी होतं. सुरुवात एकच: 200 ग्रॅम बिनबियांचा खजूर चिरायचा, त्यावर तेवढंच उकळतं पाणी आणि चमचाभर खायचा सोडा. बघता बघता पाणी फेसाळून काळपट होतं, सालं बोटाने चिरडतील इतकी मऊ पडतात. इथे घाई नको. पुडिंगचा ओलावा येतो तो यातूनच.

हा खजूर केकच्या मिश्रणात घातला, की ओव्हनमध्ये 180 अंशांवर अर्ध्या-पाऊण तासात काम होतं. कडा खरपूस होतात, आणि गरम असतानाच काडीने भोकं पाडून थोडा सॉस ओतला की तो आत मुरतो. वाफेवर दीडेक तास सहज जातो. पोत मात्र लुसलुशीत, आणि दुसऱ्या दिवशीही कोरडं पडत नाही. भांड्याच्या तोंडाला बटर पेपर आणि फॉइल दोऱ्याने घट्ट बांधा, नाहीतर पाणी ठिबकून वरचा थर गिचगिचीत होतो.

माझा कौल ओव्हनला. बटर, ब्राउन शुगर आणि क्रीमचा तो सॉस इतका गोड असतो की त्याला किंचित कडवट कड हवीच. वाफवलंच, तर सॉसमध्ये मीठ थोडं सढळ हाताने घाला.