स्मोक लीक टेस्टर: जुन्या इंजेक्शन गाडीचं आयडल बिघडल्यावर कितपत कामाचा?

थर्मासएवढा डबा, आत तापणारी कॉइल, छोटा पंप, मिनरल ऑइल ओतायचं तोंड आणि बाहेर काढलेली रबरी नळी. तेल तापून झालेला धूर या नळीने इंजिनाच्या हवेच्या मार्गात सोडायचा, तो जिथून बाहेर येईल तिथे गळती. कारच्या बॅटरीवरच चालतो. सोबत प्रेशर गेज आणि तोंडं बंद करायला दोन-चार प्लग. पाच आकडी किमतीच्या अलीकडे-पलीकडे मिळणारे हे स्वस्तातले टेस्टर आयडल, म्हणजे पेडल न दाबता इंजिनाचं फिरणं, बिघडलेल्या कोकणातल्या जुन्या इंजेक्शन गाड्यांसाठी घ्यावेत का, एवढाच इथे प्रश्न आहे. उत्तर बऱ्यापैकी हो, पण गाडी कुठल्या जातीची आहे ते आधी बघायला हवं.

२००० साली आलेली होंडा सिटी १.५ व्हीटेक घ्या. कागदोपत्री सेडान, पण १०६ बीएचपीच्या या गाडीला चालवणारे स्पोर्ट्स कारच मानतात. तिच्यात इंजिनात शिरणारी हवा थेट मोजत नाहीत, मॅप सेन्सर मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या पाइपांमधला, दाब पाहून हिशेब करतो. कुठून तरी जादा हवा शिरली की दाब वाढतो, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या मापाने पेट्रोलही वाढवतो आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) चढतो. थ्रॉटल, म्हणजे पेडलने उघडणारी हवेची झडप, तर बंद, मग ईसीयू इंधन कापतो, आरपीएम पडतो, इंधन परत सुरू होतं. काटा असा वर-खाली झुलत राहतो. १९८९ च्या माझदा एमएक्स-५ १.६ मध्ये मात्र फिल्टरपाशीच एअर फ्लो मीटर आहे. त्याच्या पुढच्या फटीतून आलेली हवा मोजलीच जात नाही, मिश्रण पातळ होतं, गाडी धडधडते आणि सिग्नलला बंद पडते. फट तशीच, लक्षणं मात्र उलटी. टेस्टर लावायची पद्धतही त्यामुळे बदलते आणि डब्यासोबतच्या माहितीपत्रकात नेमकं हेच लिहिलेलं नसतं.

इंजिन थंड आणि बंद ठेवा. ब्रेक बूस्टरकडची (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याकडची) व्हॅक्यूम नळी सोडवून तिच्यातून धूर सोडणं सर्वांत सोपं. मॅप सेन्सरच्या गाडीत थ्रॉटल बॉडीचं तोंड प्लगने बंद केलं तरी पुरतं. फ्लो मीटरच्या गाडीत प्लग मीटरपाशी लावा आणि थ्रॉटल थोडा उघडा अडकवा, नाहीतर मीटर ते थ्रॉटल ही लांब रबरी नळी तपासायचीच राहते, आणि तडा बहुतेकदा तिच्याच खालच्या घडीत असतो. दाब एक पीएसआयच्या आसपास ठेवा. जास्त दिला तर चांगले सीलही सुटतात. दोन-तीन मिनिटं थांबा आणि टॉर्च बाजूने मारा, समोरून मारलेल्या उजेडात पातळ धूर दिसत नाही. काम सकाळी शेडमध्ये उरकावं. दुपारी खारे वारे सुटले की धूर कुठून निघाला आणि कुठे गेला, काही कळत नाही.

धूर बहुधा ठरलेल्या जागीच निघतो: इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंग, मॅनिफोल्ड गॅस्केट, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये नेणारी) कडक झालेली नळी, न वापरलेल्या निपलवरची फाटकी रबरी टोपी. त्यात गणपतीनंतर थेट मे महिन्यापर्यंत गावी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेले पाइप आलेच. ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, २०२३ पासून पंपावर आलं आणि जुन्या रबरला ते मानवत नाही. ओ-रिंग काढल्याच असतील तर चारही बदला, एकच बदलू नका.

धूर फसवतोही. व्हॉल्व्ह उघडा असलेल्या सिलिंडरमधून सायलेन्सरकडे थोडा धूर गेला तर तो दोष नव्हे, क्रँक जराशी फिरवून पुन्हा बघा. ब्रीदरची नळी बंद करूनही डिपस्टिकमधून जोरात धूर आला, तर मात्र पीसीव्ही व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. बूस्टरच्या नळीतून धूर सोडला तर बूस्टर स्वतः तपासणीबाहेर राहतो. तो पाहायला इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबून धरा. फुस्स आवाज आला किंवा आयडल बदललं, तर डायफ्रॅम गेला.

आता याला न सापडणारे दोष. किनाऱ्यावर तेच जास्त, आणि मशीन विकणारे त्यांच्याबद्दल गप्प असतात. खाऱ्या हवेने अर्थिंगच्या पट्ट्या आतून हिरव्या होतात. इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून मल्टिमीटर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि इंजिन ब्लॉकला लावा. ०.२ व्होल्टच्या वर आकडा आला तर धुराच्या मागे लागण्याआधी अर्थिंग घासून घ्या. सिटीत कार्बन धरलेला आयडल व्हॉल्व्हही धुरात दिसत नाही. तो थ्रॉटल क्लीनरने धुवावा लागतो. कूलंट कमी होऊन हवा धरली तरी आरपीएम झुलतो. गाडी तापल्यावरच बंद पडत असेल आणि थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर डॅशबोर्डखालचा मेन रिले (ईसीयू आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा स्विच) उघडून सोल्डरचे तडे पाहा. चावी फिरवल्यावर पेट्रोल पंप दोन सेकंद गुणगुणला नाही, ही त्याची खूण. पंप वाजूनही स्पार्क नसेल, तर डिस्ट्रिब्युटरमधली कॉइल किंवा इग्नायटर.

ईसीयूतले बिघाडाचे कोड वाचणारा ब्लूटूथचा स्वस्त ओबीडी स्कॅनर घेऊन हे भागेल असं वाटत असेल, तर त्या काळातल्या गाड्यांशी तो बहुधा बोलतच नाही. जुन्या होंडात दोन पिनांचा सर्व्हिस कनेक्टर वायरने जोडून चेक लाइटचे मिणमिणाट मोजायचे: एक लांब, चार आखूड म्हणजे कोड १४, आयडल व्हॉल्व्ह. फुकट आणि खात्रीचं.

धुराने न सापडणारे दोष इतके आहेत, म्हणून टेस्टरच्या आधी मॅनिफोल्डमधली पोकळी मोजणारा साधा व्हॅक्यूम गेज घ्यावा. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलवर १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. रत्नागिरी-मालवणला पुस्तकातले आकडे जसेच्या तसे लागू पडतात. आंबोलीत जवळपास ७०० मीटर उंचीवर तोच काटा दोनेक इंच खाली दिसेल, तो बिघाड नव्हे. काटा स्थिर पण खाली असेल, तर धूर काढायला हरकत नाही. ठरावीक तालात एक झटका खात असेल, तर रोख व्हॉल्व्ह किंवा स्पार्क प्लगकडे.

मशीनबद्दल दोन तक्रारी. स्वस्त मॉडेलमधल्या, किती धूर जातोय ते दाखवणाऱ्या फ्लो मीटरच्या आकड्यावर विसंबू नये, गळती आहे की नाही एवढंच त्यावरून ठरवावं. आणि याने पेट्रोल टाकी तपासू नका: आत तापलेली कॉइल आहे आणि पंप साधी हवा ढकलतो, तिथे नायट्रोजनच लागतो. वापरून झाल्यावर उरलेलं तेल ओतून टाका आणि कॉइलच्या टर्मिनलला ग्रीस लावून डबा बंद पिशवीत ठेवा. पावसाळाभर उघडा राहिला तर हीच टर्मिनल आधी गंजतात आणि सुटी मिळत नाहीत.