जुनी प्लेट, नवा गुडघा: एका बैठकीत की दोन?

आईचा उजवा पाय धनुष्यासारखा बाहेर वाकलेला होता आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूची कूर्चा झिजली होती. 53 व्या वर्षी नडगीचं हाड कापून सरळ केलं, प्लेट बसवली आणि भार बाहेरच्या चांगल्या बाजूवर गेला. त्या ऑपरेशननं तिला चौदा वर्षं दिली. रामबागेतून राजवाड्यापर्यंत ती पायी जायची. आता सांधाच बदलायची वेळ आली, तेव्हा इंदूरच्याच दोन सर्जननी दोन उत्तरं दिली. एक म्हणाले, प्लेट काढून त्याच टेबलावर सांधा बसवू. दुसरे म्हणाले, आधी प्लेट काढू, जखम भरू दे, दोन-तीन महिन्यांनी सांधा.

एका बैठकीचा फायदा उघड आहे. भूल एकदाच, खोलीचं बिल एकदाच, विम्याची मंजुरीही एकदाच. शुगर असलेल्या 67 वर्षांच्या बाईसाठी हे थोडं नाही. पण ऑपरेशन लांबतं, आणि सगळं अडतं ते जुन्या छेदाच्या व्रणावर. गुडघ्यावरच्या कातडीला रक्त मुख्यतः आतल्या बाजूनं येतं. दोन उभे छेद जवळजवळ पडले, तर मधली पट्टी काळी पडण्याची भीती असते. म्हणून जुना छेदच वापरता येतो का, ते आधी बघतात. नाहीच जमलं, तर दोन्हींत पाच-सात सेंटिमीटर अंतर ठेवतात. आमच्या डॉक्टरांनी आईच्या गुडघ्यावर मोजपट्टी ठेवून पेनानं रेघ मारून दाखवली, तेव्हा कुठे मला हे नीट कळलं.

दोन बैठकींची बाजू जंतुसंसर्गाची. व्रण कधी वाहिला असेल, लाल असेल किंवा रक्तात ईएसआर-सीआरपी (अंगात सूज किंवा संसर्ग असल्याची खूण) वाढलेले असतील, तर घाई करूच नये. प्लेट काढताना आतल्या मांसाचा तुकडा तपासणीला पाठवता येतो आणि नवा सांधा स्वच्छ जागेत बसतो. त्याची किंमत म्हणजे दुसरी भूल, दुसरं बिल आणि स्क्रूंची भोकं भरेपर्यंत जपून टाकायचं पाऊल.

स्क्रूंबद्दल कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून मी सांगते. लॉकिंग स्क्रू, म्हणजे प्लेटलाच आट्यांनी बसणारे, वर्षानुवर्षांनी तिच्यात घट्ट बसतात आणि डोक्याची खाच झिजून स्क्रूड्रायव्हर नुसता फिरतो. खाच षटकोनी की ताऱ्याच्या आकाराची, हे आधी माहीत असलेलं बरं. आमच्या जुन्या डिस्चार्ज कार्डावर फक्त ‘प्लेट आणि स्क्रू’ इतकंच होतं. इम्प्लांटचं स्टिकर नव्हतं, आणि त्या रुग्णालयात फाइलही सापडेना. याचा मला आजही राग येतो. तुमची फाइल आजच शोधा. सगळंच काढायला लागतं असंही नाही. नव्या सांध्याच्या, हाडाच्या पोकळीत जाणाऱ्या दांडीच्या वाटेत येणारे स्क्रू तेवढे काढून बाकीचे राहू देणारे सर्जनही आहेत.

काही अडचणी दोन्ही वाटांवर सारख्याच. जुन्या ऑपरेशननंतर गुडघ्याची वाटी खाली ओढलेली असू शकते, त्यामुळे सांधा उघडणं अवघड जातं. हाडाचा उतार बदललेला असतो, कधी वरचा भाग खालच्या पोकळीच्या सरळ रेषेत नसतो, मग लांब किंवा बाजूला सरकवलेली दांडी लागते. ती बिलात वेगळी येते का, ते विचारा. 16 ऑगस्ट 2017 ला सरकारनं इम्प्लांटच्या किमतींवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम धातूच्या सेटची मर्यादा 54,720 रुपये अधिक जीएसटी होती. रुग्णालयाचा खर्च त्यात नव्हता. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान कार्ड त्या रुग्णालयात गुडघ्याला चालतं का, हेही विचारावं.

माझं मत सांगते. व्रण सोयीचा, रक्त स्वच्छ, स्क्रू ओळखीचे, तर एक बैठक. यातलं एकही डळमळीत असेल, तर दोन. स्क्रूंची ओळख नव्हती, तरी आम्ही एक बैठक निवडली, पण संमतिपत्रावर लिहून घेतलं: आत पू दिसला किंवा स्क्रू निघेना, तर प्लेटपाशीच थांबायचं. गौरी-गणपती आटोपल्यावरची तारीख घेतली. डॉक्टरांनी तीन प्रकारचे स्क्रूड्रायव्हर मागवून ठेवले होते. एक स्क्रू अडलाच, त्याचं डोकं कापावं लागलं आणि पाऊण तास त्यातच गेला. आधी तिचा गुडघा 100 अंश वळायचा, आता 105 वळतो. देवापुढे ती खुर्चीवर बसते, आणि आरतीला उभी राहते.