लढाऊ विमानांचा तक्ता: चित्रं झकास, नावांत घोळ

नागपुरात बर्डीवरच्या स्टेशनरीच्या दुकानांत आणि एनडीए-एएफकॅट या सैन्यभरतीच्या परीक्षांच्या क्लासेसजवळ सध्या लष्करी विमानांचा एक मोठा तक्ता मिळतो. किंमत १५० रुपये. चित्रं सुरेख आहेत आणि सगळी एकाच मापात काढली आहेत, त्यामुळे सी-१७ या मालवाहू विमानाशेजारी दुसरं मालवाहू सी-१३०जे किती लहान दिसतं ते लगेच कळतं. एवढ्यासाठीसुद्धा तो घ्यावा.

गडबड आहे ती ‘नाव’ या रकान्यात. तिथे मिराज-२००० खाली ‘वज्र’, जग्वारखाली ‘शमशेर’ आणि मिग-२९ खाली ‘फल्क्रम’ छापलंय. पहिली दोन आपल्या वायुसेनेने दिलेली नावं, तिसरं नाटो या पाश्चात्त्य लष्करी गटाचं सांकेतिक नाव. आपल्याकडे मिग-२९ म्हणजे ‘बाज’. मुलाखतीला जाणाऱ्या मुलाला हा फरक माहीत असायलाच हवा. नाटोच्या नावात पहिलं अक्षर विमानाचं काम सांगतं: एफ लढाऊ, बी बॉम्बफेकी, सी मालवाहू, एच हेलिकॉप्टर, एम म्हणजे उरलेलं सगळं. म्हणून मालवाहू आयएल-७६ ‘कँडिड’, पण त्याच सांगाड्यावरचं हवेत इंधन भरणारं आयएल-७८ ‘मायडास’. ही किल्ली तक्त्यावर कुठेच नाही.

अमेरिकी विमानांचा कोपरा सगळ्यात चांगला जमलाय. १९६२ साली तिथल्या सर्व सेनादलांची पद्धत एक झाली, हे वर्ष बरोबर दिलंय. त्याआधी फँटम हे एकच लढाऊ विमान नौदलात एफ४एच आणि वायुदलात एफ-११० होतं, नंतर दोन्हीकडे एफ-४ झालं. वाचायचं ते आडव्या रेघेपासून डावीकडे. केसी-१३५ मध्ये सी म्हणजे मालवाहू, त्याआधीचा के म्हणजे टँकर, हवेत इंधन भरणारं. एमक्यू-९ मध्ये क्यू म्हणजे विनाचालक, एम म्हणजे बहुउद्देशीय. आकड्यानंतरचं अक्षर आवृत्तीचं. मात्र आपल्या नौदलाच्या पी-८आय या टेहळणी विमानातला ‘आय’ तक्त्याने आवृत्तीत धरलाय, ते चूक. आय आणि ओ ही अक्षरं १ आणि ० सारखी दिसतात म्हणून आवृत्तीसाठी वापरतच नाहीत. इथला आय म्हणजे इंडिया. अपवादही सांगायला हवे होते: एफ-११७ चं काम जमिनीवर बॉम्ब टाकण्याचं, तरी अक्षर एफ. एफ-३५ चा आकडा क्रमाने आलेला नाही, तो एक्स-३५ या प्रायोगिक विमानावरून तसाच उचललाय.

जग्वारची चूक जास्त खटकते. ‘जग्वार आयबी’ला बॉम्बफेकी म्हटलंय. आयबी ही दोन आसनी प्रशिक्षण आवृत्ती. हल्ल्यासाठीची एक आसनी ती आयएस, आणि समुद्रावरच्या लक्ष्यांसाठीची आयएम. राफेलचं बरोबर आहे: ईएच एक आसनी, डीएच दोन आसनी.

हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएलची विमानं कोपऱ्यात कोंबलीत, याचं वाईट वाटतं, कारण त्यांची पद्धत मुलांना सगळ्यात पटकन समजते. एचएफ-२४ मरुत म्हणजे हिंदुस्थान फायटर, एचजेटी-१६ किरण म्हणजे जेट ट्रेनर, एचपीटी-३२ दीपक पिस्टन ट्रेनर, एचटीटी-४० टर्बो ट्रेनर. तक्त्यात एचटीटीचं ‘ट्रेनर ट्रान्सपोर्ट’ करून टाकलंय. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय असलेल्या गावात विकायला ठेवलेल्या तक्त्यात हे शोभत नाही.

कागदाबद्दल: लॅमिनेशन पातळ आहे. एप्रिल-मेमध्ये खोलीत कूलर चालू असला की कडांतून दमट हवा शिरते, प्लास्टिक सुटतं आणि तक्ता आपोआप गुंडाळला जातो. शिवाय त्यावर बॉलपेन घसरतं, दुरुस्ती करता येत नाही. दुकानात मागितला तर बिनलॅमिनेशनचा तक्ताही देतात. तोच घ्या, वरच्या चुका बॉलपेनने सुधारा, शाई वाळू द्या आणि मग जाड लॅमिनेशन करून घ्या. चारही बाजूंना बोटभर प्लास्टिक जास्त सोडायला सांगा, कागदाच्या कडेला लागून कापू देऊ नका.